भिंतीची आतली बाजू

एकतीस वर्षं ही भिंत मला बाहेरून माहीत.
नऊ फूट दगड, माथ्यावर काचा,
आणि दुसऱ्या वळणाआधी गियर खाली घ्यायलाच लावणारा उतार.
अठ्ठ्याऐंशी नंबरची बस. माझी.
वरच्या मजल्यावरच्या पोरांना म्हणे
पलीकडचं हिरवं दिसायचं.
ड्रायव्हरला रस्ता दिसतो.

डेपोतल्या मंडळींनी वर्गणी काढून निवृत्तीची भेट दिली:
ड्रमकॅराच्या मैदानावर अठरा होल, एक कॅडी,
आणि नंतर सूप.
घड्याळ देऊ नका, एवढंच मी म्हटलं होतं.

मॅलाकी डिग्नन माझी बॅग उचलतो
(भाच्याची बॅग; तळाशी त्याचा एक ओला मोजा).
मॅलाकीचा बाप इथं गवत कापायचा,
बापाचा बाप लॉर्डसाहेबांचे घोडे चोळायचा.
"मिसेस हॅनरहन, डावीकडे तेवढं नको."
माझा चेंडू डावीकडे जातो.

डावीकडे झाडं. काय झाडं!
दोनशे वर्षांचे बीच, बुंधे राखाडी, गुळगुळीत,
समुद्रातून नुकत्याच वर आलेल्या सीलसारखे.
लाइमच्या रांगा, मध्येच एखादा एकटा ओक.
लावणाऱ्याच्या मनात खेळ नव्हता;
दिवाणखान्याच्या खिडकीतून खेडं दिसू नये, इतकंच.
माझ्या आजोबांचं खेडं.
तेच ओक आता येईल त्याचा चेंडू अडवतात,
कुणाची गाडी कोणती, हे न विचारता.
याला न्याय म्हणावं
की फार उशिरा आलेली बस,
मला ठरवता येत नाही.

तेराव्या होलवर, गवतात, पितळी पाटी.
एकोणीसशे त्रेपन्न, अजिंक्यपदाचा शेवटचा दिवस,
आडवा वारा, दोनशे दहा यार्ड, तळ्यावरून.
लोक येतात, टोपी काढतात, फोटो घेतात.
मॅलाकी पाटीकडे बघतसुद्धा नाही.
अकरा पावलं उतरून
बुटाच्या टोकानं दाखवतो: "इथं."
"पाटी वर नेली, कारण इथं यंत्राचं पातं अडकायचं.
त्या संध्याकाळी सगळे क्लबात गात होते,
आणि माझ्या बापानं इथली खपली परत बसवली.
मला दाखवून ठेवली. बाकी कुणी विचारलं नाही."

इथं म्हणजे काही नाही.
गवत, जरासं क्लोव्हर, सशाच्या लेंड्या.
मी चेंडू तिथंच ठेवते.
नियमात बसत नाही. मॅलाकी ढगांकडे बघतो.

फटका बरा लागतो. खरंच बरा.
अर्ध्या तळ्यापर्यंत चेंडूचा विचार पलीकडे जायचाच असतो.
मग डुबुक.
एक पाणकोंबडी जागा बदलते.

आणि माझ्या पायाशी मी केलेली जखम:
तळहाताएवढी, काळी, ओली,
तळघर उघडल्यासारखा वास.
उडालेलं ढेकूळ चार यार्डांवर उताणं, मुळं आभाळाकडे.
मॅलाकी वाकू लागतो, गुडघे वाजतात.
"राहू दे," मी म्हणते.
मीच आणते ते, दोन्ही हातांत,
भिजलेलं मांजराचं पिल्लू आणावं तसं.
फिरवून बघते, कुठली कड कुठल्या कडेची;
बसवते; बी मिसळलेली वाळू भुरभुरते; टाचेनं दाबते.
"अजून थोडं," मॅलाकी म्हणतो,
बहुधा बापाच्या आवाजात.
अजून थोडं दाबते.

तेवढ्यात भिंतीपलीकडून पाच चाळीसची.
गियर उशिरा टाकला.
नवा मुलगा आहे, शिकेल.
वरच्या मजल्यावर कुणी असेलच, तर दिसलं असेल त्याला:
एवढ्या मोठ्या हिरव्यात
एक म्हातारी, एक म्हातारा,
चेंडूबिंडू काही नाही,
नुसते जमिनीवर पाय दाबून उभे.

एकूण फटके एकशे सदतीस.
सूप बटाट्याचं होतं. मी दोनदा घेतलं.